सात नंबरचा पाइप

३ फेब्रुवारी

ही वही मास्तरने दिली. मास्तर म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. शाळेशी त्याचा संबंध नाही. आम्ही दोघं एसी बसवतो. पण तो कंपनीचं माहितीपुस्तक खिशात घालून फिरतो आणि समोर कोण आहे हे न बघता समजावून सांगत सुटतो, म्हणून मास्तर. म्हणाला, भाऊजी, कुठल्या भिंतीत किती फूट पाइप गेला ते रोज लिहीत जा, एकदा प्लास्टर झालं की आठवत नाही. मला सव्वीस वर्षं आठवत आलं आहे. तरी लिहितो. घरात शांतता हवी.

डॉक्टरीणबाईंचं नवं प्रसूतिगृह, अकरा खोल्या. मशीनं एप्रिलमध्ये येणार, पण पाइप आताच भिंतीत गाडायचे. प्रत्येक खोलीला दोन, एक बारीक, एक जाड. आज एक नंबर. दोन्ही एकोणीस फूट.

पाइप मी तयार करतो. सही मास्तर करतो. कंपनीची परीक्षा त्याने दिली, त्यांच्या यादीत नाव त्याचं आहे, तपासणीच्या कागदावर त्याचीच सही चालते. मी परीक्षा दिली नाही. माझा पेपर कोण तपासणार?

६ फेब्रुवारी

तीन नंबर बावीस फूट. चार नंबर अठरा.

गवंड्याने मास्तरला विचारलं, म्हातारबा पाइप असा उलटा धरून का खरवडतोय. मी तिथेच होतो. पाइप कापला की आतल्या कडेला तांब्याची धार उभी राहते. ती काढावी लागते, आणि काढताना तोंड जमिनीकडे धरावं लागतं, नाहीतर कीस आत पडतो आणि पुढे मशीनच्या पोटात जातो. मास्तरने त्याला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, मला हे भाऊजींनी शिकवलं, पुस्तकात मी नंतर वाचलं.

पुस्तकाचं नाव काढायची काय गरज होती?

९ फेब्रुवारी

मास्तरने टोप्यांचा डबा आणला. लाल, प्लास्टिकच्या. पाइप कापला की दोन्ही तोंडांना आधी टोपी, बाकीचं नंतर. आत धूळ नको, ओल नको. मी इतकी वर्षं टेप गुंडाळत आलो आणि माझे पाइप घातलेल्या खोल्यांत माणसं पांघरूण घेऊन झोपतात. घातल्या टोप्या. बाळं यायच्या आधी पाइपांनाच टोपडी. गवंडी हसला. मास्तरही हसला, पण टोप्या मोजून.

१३ फेब्रुवारी

सात नंबर. नकाशात नसलेला बीम मध्ये आला. वळसा घालून नेला तर जाड पाइप हातभर कमी पडला. जोड द्यावा लागणार. टोप्या संपल्या होत्या. नवा डबा मास्तरच्या गाडीत आणि गाडी मास्तरबरोबर. हात पुसायला जुन्या बनियनची चिंधी ठेवतो, तिचा बोळा करून पाइपच्या तोंडात कोंबला. निसटू नये म्हणून स्क्रूड्रायव्हरने बोटभर आत सारला. वर टेप. जोड उद्या.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई काम बघायला आल्या. त्यांच्यासमोर मास्तर म्हणाला, भाऊजी, पाच नंबरच्या पाइपचा बाक जरा चेपलाय, तो तेवढा बदलू या.

जरा चेपला होता. पण बाईंच्या देखत?

पेटी उचलून घरी आलो. सात नंबरचा जोड राहिला. राहू दे.

१८ फेब्रुवारी

तीन दिवस घरी बसलो. मास्तर रोज संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा, ताईशी बोलायचा, जायचा. बाकाचं नाव नाही. काल निघताना म्हणाला, तुमच्याशिवाय मी पाइपला हात लावलेला नाही. म्हणजे उपकारच की.

आज गेलो. गवंडी माल कालवून उभा होता. म्हणाला, तुमच्या रुसव्यापायी माझी भिंत उघडी पडलीय, आता तरी उरका. उरकलं. टेप ओढला, जोड चढवला, ज्योत लावली. ब्रेझिंगचा डाग असा फिरला, एका दमात, कुठे थेंब नाही की गाठ नाही. असा जोड मास्तरला जमायचा नाही.

जोड झाल्यावर पाइप फुंकून पाहायचा असतो. नायट्रोजन एका तोंडाने सोडायचा आणि दुसऱ्या तोंडाशी तळहात धरायचा. वारा लागला म्हणजे वाट मोकळी. सिलिंडर तळमजल्यावर, मी दुसऱ्यावर, आणि माझे गुडघे कुठल्याच मजल्यावर नाहीत. नवा पाइप. त्यात फुंकायचं काय? दोन्ही तोंडं बंद केली. गवंड्याने भिंत बुजवली.

संध्याकाळी मास्तरने विचारलं, सात फुंकून पाहिला ना? हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

सात, आठ, नऊ. सिलिंडर वर चढवून तिन्हींत दाब भरून ठेवला होता. चोवीस तासांत काटा केसभर हलला नाही. कुठे गळत नाही. मास्तरने कागद भरला. जोड तपासला, दाब तपासला, फुंकून पाहिला. तीन खुणा, खाली सही. सहीच्या आधी त्याने माझ्याकडे बघितलं. मी गेजकडे बघत होतो.

१२ मार्च

अकराही संपल्या. रंग लागला. भिंती इतक्या गुळगुळीत की आत काही गाडलंय असं कुणाला वाटणार नाही.

१५ एप्रिल

मशीनं बसली. दहा खोल्या गार. सात नंबर नाही. वारा येतो, पण तो खोलीतलाच फिरवून परत. मास्तर म्हणाला गॅस कमी असेल. मी म्हटलं मशीनच भुक्कड असेल.

घरी येताना त्याच्या गाडीवर मागे बसलो होतो. सिग्नलला थांबलो आणि आठवलं. बनियन.

१६ एप्रिल

काढलाच असणार. टेप काढला की दिसतोच ना. पण तो बोटभर आत होता.

वही मागे चाळली. कोंबला असं लिहिलंय. काढला असं नाही. पण मी काय सगळंच लिहितो? त्या दिवशी जेवलो हेही लिहिलेलं नाही. म्हणून काय उपाशी होतो?

काढलाच असणार.

२१ एप्रिल

जुना गॅस काढून नवा भरला. काही फरक नाही. मास्तर भिंतीवर हात फिरवत होता, पोट तपासतात तसा. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, भाऊजी, सात नंबरला टोप्या पुरल्या होत्या ना? पुरल्या, म्हटलं. त्याने भिंतीवरचा हात काढला. नंतर म्हणाला, नसत्या पुरल्या तरी हरकत नाही, फक्त कळलं पाहिजे.

हरकत नाही म्हणे. नोकराला विचारतात असं. चौदा वर्षांपूर्वी मी याच्या हातात पहिला कटर दिला. कटर उलटा धरला होता याने.

२७ एप्रिल

कंपनीने सात नंबरचं मशीन बदलून दिलं. म्हणजे मशीनच खराब होतं. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. हिला सांगितलं. ही म्हणाली, मग खोली गार झाली का? अजून तेवढी नाही, म्हटलं. वेळ लागतो.

२ मे

नवं मशीन पाचव्या दिवशी बंद पडलं. कॉम्प्रेसर जळाला. खोलीत बाळंतीण होती, काल सकाळीच मोकळी झालेली. तिची आई तपासणीच्या फाइलने दोघांना वारा घालत होती. बाळाच्या मानेवर घामोळं आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला दुसऱ्या खोलीत हलवलं आणि आम्हाला जिन्यापाशी बोलावलं. त्या ओरडत नाहीत. हळू बोलतात. एकदम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बोलणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मास्तर म्हणाला, मॅडम, मी शोधून काढतो. त्याला एवढी हौस आहे तर मी कशाला मध्ये पडू?

५ मे

कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरे मोजे. जळालेलं मशीन उघडून थेंबभर तेल कापसावर घेतलं. तेल काळं. म्हणाला, मशीनमध्ये दोष नाही, तुमच्या पाइपात घाण आहे, तपासणीचा कागद दाखवा. मास्तरने दाखवला.

"फुंकून पाहिला, ही खूण कुणी केली?"

"मी."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"सही माझी आहे," मास्तर म्हणाला.

मी मागे उभा होतो. त्या माणसाने मला काही विचारलं नाही. आणि मास्तर बोलला त्यात खोटं काही नव्हतं. खूण त्यानेच केली होती.

६ मे

मास्तर घरी आला. ही भाजी आणायला गेली होती. आम्ही दोघंच. तो पुढ्यातला चहा ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती.

म्हणाला, उद्या रविवार आहे, सात नंबरची भिंत फोडतो. मग म्हणाला, कुठून फोडू ते तुम्ही सांगितलंत तर बरं, उगाच सगळी भिंत जाईल.

पुस्तकात बघ, म्हटलं.

त्याने मान हलवली. म्हणाला, तुम्ही पण चला. माझं डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं.

७ मे

दिवसभर घरात. पंख्याखाली पडून होतो. दुपारी दोनदा उठून चप्पल घातली, दोनदा काढली.

संध्याकाळी मास्तर आला. केसांत, भुवयांवर चुना. माझ्याकडे न येता सरळ स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ दोघं हळू बोलत होती. पाणी प्यायला गेलो तर गप्प झाली. बहीणभावाचं काहीतरी शिजतंय. बहुधा त्याला वेगळा धंदा काढायचा असेल आणि ताईची परवानगी हवी असेल. मला सरळ विचारायला काय झालं?

बाहेर येऊन म्हणाला, जोडापाशी काजळी होती, तेवढा तुकडा कापून बदलला, सगळा पाइप धुऊन फुंकून घेतला. नवं मशीन लागलं की खोली गार होईल.

काजळी. एवढंच म्हणाला. बोळ्याचं नाव नाही. म्हणजे बोळा नव्हताच. मी काढला होता. तीन आठवडे उगाच जिवाला घोर लावून घेतला. आणि काजळी कुठल्याही जोडात धरते. त्याच्याही.

हिने ताट वाढलं. भाजीत मीठ नव्हतं. सांगितलं तर मिठाचा डबा समोर ठेवून आत गेली.

११ मे

हिने माझे जुने बनियन गाठोडं बांधून फेकून दिले. सहा होते. दोन तर चांगले होते. विचारलं तर म्हणाली, चिंध्या नकोत घरात.

बायकांच्या डोक्यात कधी काय येईल सांगता येत नाही.

१९ मे

कंपनीचं पत्र आलं. मास्तरचं नाव यादीतून काढलं. कारण, न केलेली तपासणी केली म्हणून नोंदवली. आता त्याची सही कुठेच चालणार नाही. ज्याची सही चालत नाही त्याला मोठं काम कोण देणार?

पत्र त्याने आमच्या घरी बसून वाचलं. मोठ्याने. पुस्तक वाचून दाखवायचा तसंच, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. वाचून झाल्यावर घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या खिशात पुस्तक नव्हतं.

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

"कशाबद्दल?"

ती उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेली. ते अजून ओले होते.

मला त्याचं वाईट वाटतं. अगदी मनापासून. पण एक गोष्ट आहे. फुंकून पाहिला का म्हणून विचारून सही करायची हे कुठल्या पुस्तकात आहे? स्वतःचा तळहात धरून बघायला हवा होता.

३० मे

सात नंबर गार आहे. तिसरं मशीन मी आणि दुसऱ्या एका मिस्त्रीने बसवलं. मास्तरला बाईंनी आवारात येऊ दिलं नाही.

पाइपची तोंडं फुलवताना हात थांबत होता. नट आधी चढवला का, हे तीनदा पाहिलं. तोंड फुलवल्यावर नट चढत नाही, पुन्हा कापावं लागतं. अशी चूक मी सव्वीस वर्षांत केलेली नाही. आज एकदा झाली.

८ जून

काम नाही. मास्तर येत नाही. संध्याकाळी चहा दोनच कप होतो. ही तिसरा कप काढते आणि परत ठेवते.

२२ जून

मास्तर निघाला. लांब एका शीतगृहात नोकरी मिळाली आहे. काम म्हणजे पाळीपाळीने गेज वाचायचे आणि वहीत आकडे लिहायचे. पाइपला हात लावायचा नाही. ताईच्या पाया पडला, ती त्याला धरून रडली. मी दारापर्यंत गेलो. तो वाकून बूट बांधत होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल, मला बोलता आलं.

"सात नंबरमध्ये बोळा राहिला होता. माझा."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"भिंत फोडली तेव्हापासून. अर्धा जळला होता. उरलेल्यावर ताईची टीप होती, निळ्या दोऱ्याची."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. उठून उभा राहिला.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो, भाऊजी."

मग त्याने बॅग उचलली. मी विचारलं, आता सांगू का? तो म्हणाला, सांगा. डॉक्टरीणबाईंनी कंपनीला तसं लिहून दिलं तर नाव पुन्हा चढवतात, जुलै संपेपर्यंत मुदत आहे. त्याने मागितलं नाही. गेज वाचून आकडा सांगावा तसं सांगितलं आणि जिना उतरला.

थांबला होता म्हणे. दीड महिना. एका शब्दाने बोलला असता तर त्याच दिवशी कंपनीत जाऊन सांगितलं असतं मी. याने मला परीक्षेला बसवलं, आणि मला न सांगता. बहिणीला सांगितलं. तिनेही बघत बसायचं, नवरा पास होतो की नापास. माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर. आणि स्वतः मोठा होऊन निघून गेला. आता जन्मभर सगळ्या नातेवाइकांत हा साधू आणि मी कोण?

हिने जेवायला बोलावलं नाही. स्वतः वाढून घेतलं.

२३ जून

सोमवारी डॉक्टरीणबाईंना भेटायचं. फोन करून वेळ घेतली. काही सांगायचं आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, या, मलाही बोलायचंच आहे.

काय बोलायचं ते लिहून नेतो, म्हणजे अडायला होणार नाही. मॅडम, सात नंबरच्या पाइपात कापड राहिलं ते माझ्या हातून. फुंकून पाहिला असं मी मास्तरला खोटं सांगितलं. त्याने माझ्या शब्दावर सही केली.

तीन वाक्यं आहेत. मधलं नसलं तरी अर्थ लागतो.

२५ जून

हिला सांगितलं, उद्या जातो आणि सगळं सांगून येतो. ती तांदूळ निवडत होती. वर बघितलं. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, तो निळा शर्ट इस्त्री करून ठेवते.

जेवताना लोणचं वाढलं. न मागता.

२६ जून

निळा शर्ट घालून गेलो. बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलो. आतून बाळांचं रडणं ऐकू येत होतं. सात नंबरचं दार लावलेलं होतं, खालच्या फटीतून गार हवा पायाला लागत होती.

डॉक्टरीणबाई घाईत होत्या. मी बसायच्या आत त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. मागच्या जागेत दुसरी इमारत होणार, अठरा खोल्या. सहीसाठी कंपनीच्या यादीतला नवा माणूस त्यांनी बघून ठेवलाय. म्हणाल्या, पण पाइप तुम्हीच करायचे. तो तुमचा मेहुणा होता, मला कळतं, तुम्हाला किती अवघड गेलं असेल. इतका त्रास झाला पण तुम्ही त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलला नाहीत. अशी माणसं राहिलीत कुठे?

मी नकाशा बघत होतो. बीम कुठे कुठे आहेत ते आधी बघून ठेवावं लागतं. मधल्या ओळीत, पाच ते नऊ, वळसे पडणार.

कुणीतरी त्यांना बोलवायला आलं. त्या उठल्या, दारापाशी जाऊन थांबल्या.

"तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना?"

म्हटलं, "मोजमापाला उद्या सकाळीच येतो."